भिंत, तंबू आणि ओसरी : खेड्यातल्या तरुण मनापर्यंत उपचार कसे पोहोचले?

१/ सआदत हसन मंटो यांची ‘टोबा टेक सिंग’ ही कथा आपल्यापैकी अनेकांनी वाचली असेल. फाळणीनंतर दोन देशांनी वेड्यांच्या इस्पितळांतील रुग्णांचीही वाटणी केली, हा तिचा गाभा. कथेतली पात्रे कल्पित आहेत, पण वाटणी खरोखरच झाली होती. १९५०च्या डिसेंबरात लाहोरच्या मनोरुग्णालयातील सुमारे साडेचारशे हिंदू व शीख रुग्ण सीमा ओलांडून अमृतसरला आणले गेले आणि इकडील मुस्लिम रुग्ण तिकडे धाडण्यात आले.

२/ मंटोंची कथा सीमेवर संपते. इतिहास मात्र अमृतसरला पुढे चालू राहतो. त्याच अमृतसरच्या रुग्णालयात त्यानंतरच्या काही वर्षांत एका डॉक्टरने आवारात तंबू ठोकले आणि भारतातील मानसोपचाराची दिशा हळूहळू बदलू लागली. आजचा हा थ्रेड त्या तंबूंविषयी, त्यांच्या आधीच्या भिंतीविषयी आणि त्यांच्यानंतर आलेल्या ओसरीविषयी आहे.

३/ प्रश्न साधा आहे. खेड्यात राहणाऱ्या, हाती फारसा पैसा नसलेल्या विशीतल्या मुलाचे किंवा मुलीचे मन आजारी पडले, तर त्याने वा तिने जायचे कोठे? गेल्या पावणेदोनशे वर्षांत या प्रश्नाला निरनिराळी उत्तरे दिली गेली. ती क्रमाने पाहिली की एक गोष्ट ध्यानात येते, आणि ती शेवटी सांगेन.

४/ पहिले उत्तर होते भिंत. अठराव्या शतकात मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे कंपनीच्या आश्रयाने वेड्यांची इस्पितळे निघाली. १८५७च्या उठावानंतर राज्यकारभार राणीकडे गेला आणि १८५८ सालीच या इस्पितळांसाठी कायदा झाला. रस्त्यावर भटकणाऱ्या किंवा धोकादायक वाटणाऱ्या माणसाला पोलिसांनी दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे आणि त्याच्या हुकमाने आत टाकावे, अशी ती रीत. या व्यवस्थेत आजारी माणूस पोलिसांच्या हातून येई, डॉक्टरचा क्रमांक त्यानंतर लागे.

५/ १९१२च्या कायद्याने तपशील सुधारले, पण दंडाधिकाऱ्याचा हुकूम हा दरवाजा कायम राहिला. १९२०च्या दशकारंभी ‘वेड्यांचे इस्पितळ’ जाऊन ‘मनोरुग्णालय’ ही पाटी लागली. पाटी बदलली तरी लोकांच्या जिभेवरची भाषा बदलली नाही. ‘याला ठाण्याला पाठवा’, ‘हिला येरवड्याला न्या’ हे टोमणे आजही मराठीत ऐकू येतात. गावांची नावेच शिवीसारखी वापरली जावीत, इतकी या भिंतींची दहशत खोल रुजली.

६/ महाराष्ट्रात आजही चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत: ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. चौघांचीही मुळे ब्रिटिश काळात आहेत. ठाण्याचे १९०१ सालचे. आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. मेळघाटातल्या किंवा अक्कलकुव्याच्या पाड्यावरून यांपैकी कोठेही जायचे, तर रोजंदारी बुडते, गाडीभाडे लागते आणि गावभर बोभाटा होतो तो वेगळाच.

७/ मग कुटुंबे काय करीत? भगत, देवऋषी, दर्गा, एखादे जागृत देवस्थान. याकडे केवळ अंधश्रद्धा म्हणून पाहिले तर इतिहास अर्धाच कळतो. भगत जवळ होता, त्याची भाषा तीच होती आणि तो रुग्णाबरोबर घरच्यांनाही समोर बसवी. १९७० च्या दशकात कपूर आणि कार्स्टेअर्स यांनी कर्नाटकच्या किनाऱ्यावरील कोटा या गावाचा प्रदीर्घ अभ्यास केला. तेथील लोक वैद्य, डॉक्टर व मांत्रिक या सर्वांकडे जात होते. एकाकडे गेले म्हणून दुसरा वर्ज्य होत नव्हता.

८/ अर्थात या जवळिकीची किंमतही होती. साखळदंड, मारहाण, धुरी, उपास हे त्या उपचारांचे दुसरे रूप. आणि सर्वांत मोठी हानी काळाची. तीव्र मानसिक आजारांपैकी पुष्कळसे पौगंडावस्थेच्या अखेरीस किंवा विशीत डोके वर काढतात. ज्या वयात शिक्षण पुरे व्हायचे, हाताला काम मिळायचे, लग्न ठरायचे, त्याच वयात हा घाला येतो. उपचारांविना गेलेली पहिली चार-पाच वर्षे पुढच्या चाळीस वर्षांचा आकार ठरवतात.

९/ स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली, भोर समितीचा अहवाल आला. भारताच्या आरोग्यव्यवस्थेचा हा मूळ आराखडा. मनोरुग्णालयांची पाहणी रांचीच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख मूर टेलर यांनी केली होती. एकोणीस रुग्णालये, सुमारे दहा हजार खाटा आणि लोकसंख्या चाळीस कोटी. म्हणजे चाळीस हजार माणसांमागे एक खाट. इंग्लंडात तेव्हा तीनशे माणसांमागे एक खाट होती.

१०/ येथे थोडे गणित करू. इंग्लंडच्या बरोबरीला यायचे, तर त्या वेळच्या भारताला तेरा लाखांहून अधिक खाटा लागल्या असत्या. हातात होत्या दहा हजार. नुकत्याच स्वतंत्र होणाऱ्या, दुष्काळाने व युद्धाने खंगलेल्या देशाला हे कधीच परवडणारे नव्हते. भिंती बांधून हा प्रश्न सुटणार नाही, हे त्या एका आकड्यानेच स्पष्ट केले होते. ते मान्य करायला मात्र आणखी तीस वर्षे लागली.

११/ आता अमृतसर. १९५० च्या दशकात तेथील मनोरुग्णालयाचे प्रमुख होते डॉ. विद्यासागर. रुग्णालय खच्चून भरलेले, कर्मचारी अपुरे. त्यांनी रुग्णालयाच्या आवारात तंबू लावले आणि रुग्णांच्या नातेवाइकांना तेथे राहायला बोलावले. आई, भाऊ, पत्नी जी कोणी सोबत येईल, तिने रुग्णाजवळ राहावे, त्याची शुश्रूषा करावी आणि त्याच्यासह घरी परतावे.

१२/ वरवर पाहता ही मनुष्यबळाच्या टंचाईवरची तोड होती. परिणाम मात्र त्यापलीकडे गेला. नातेवाइकांना आजार डोळ्यांनी दिसला, औषधाने उतार पडताना दिसला. डॉक्टर त्यांच्याशी एकत्र बसून बोलत. भूतबाधा, पूर्वजन्मीचे पाप, घराण्याचा कलंक यांविषयीचे समज तेथे मोकळेपणाने निघत आणि निवळत. रुग्ण लवकर घरी जाऊ लागले, आणि घरही त्यांना परत घ्यायला तयार असे. पुढे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने १९५७ पासून कुटुंबासह उपचारांची पद्धत रुजवली.

१३/ या बदलाला एका औषधाचाही हातभार होता. १९५२ साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन हे औषध तीव्र मनोविकारांवर उपयोगी पडते, असे दिसून आले. त्यापूर्वी तीव्र आजारात डॉक्टरच्या हाती फार थोडे होते. आता गोळी घेऊन माणूस घरी राहू शकत होता. खाट हा उपचारांचा केंद्रबिंदू राहण्याचे कारण उरले नव्हते.

१४/ अमृतसरसारखाच विचार त्याच सुमारास हजारो मैलांवर, नायजेरियात चालू होता. थॉमस अदेओये लाम्बो या तरुण मानसोपचारतज्ज्ञाने १९५४ पासून अबेओकुटाजवळच्या आरो येथे रुग्णांना आसपासच्या खेड्यांतील घरांत नातेवाइकांसह ठेवले. रुग्ण दिवसा उपचार घेत आणि उरलेला वेळ गावात राहत. हे लाम्बो लक्षात ठेवा. पुढे ते जागतिक आरोग्य संघटनेचे उपमहासंचालक झाले आणि गरीब देशांतील खेड्यांचा प्रश्न जिनिव्हाच्या टेबलावर पोहोचला.

१५/ दरम्यान आग्र्याचे नाव जगाच्या मानसोपचारात गाजू लागले. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात जागतिक आरोग्य संघटनेने नऊ देशांत स्किझोफ्रेनियाचा अभ्यास हाती घेतला. लंडन, वॉशिंग्टन, मॉस्को, प्राग यांच्या पंगतीत आग्रा होते. एकूण १२०२ रुग्ण, बहुतेक तरुण. काही वर्षांनी पुन्हा तपासले तेव्हा अनपेक्षित गोष्ट दिसली: आग्रा, इबादान व काली येथील रुग्णांची स्थिती श्रीमंत शहरांतल्या रुग्णांपेक्षा सरासरीने बरी होती.

१६/ का? एकत्र कुटुंब, शेतीतली जमेल तेवढी कामे, माणसाला बाजूला न टाकणारे गाव, अशी अनेक स्पष्टीकरणे पुढे आली. पुढच्या दहा देशांच्या अभ्यासात चंदीगड शहर आणि त्याच्या भोवतालची खेडी यांचा स्वतंत्र समावेश होता. या निष्कर्षांवर आजही वाद आहे. जे रुग्ण दगावले, बेपत्ता झाले किंवा घराबाहेर काढले गेले, त्यांचे काय, असे टीकाकार विचारतात. ‘गावात सगळे आपोआप बरे होते’ असा गोड अर्थ काढणे चूक ठरेल. पण घर व गाव हा उपचारांचा भाग होऊ शकतो, एवढे या अभ्यासांनी जगाला विचार करायला लावले.

१७/ १९७५ साली दुसऱ्या उत्तराला आकार आला. हरयाणातील रायपूर राणी हा ग्रामीण विभाग आणि चंदीगडची पदव्युत्तर वैद्यकीय संस्था. तेथील मानसोपचार विभागाचे प्रमुख प्रा. एन. एन. विग. जागतिक आरोग्य संघटनेच्या सात देशांतील प्रकल्पात भारताचा वाटा हा होता. विचारलेला प्रश्न धाडसी होता: मानसोपचारतज्ज्ञ नसताना, प्राथमिक आरोग्य केंद्रातला डॉक्टर आणि आरोग्यसेवक मानसिक आजारांवर उपचार करू शकतील का?

१८/ काम खालून सुरू झाले. संशोधक गावातल्या जाणत्या माणसांकडे गेले. आजाराचे नाव न घेता त्यांनी माणसांची वर्णने ऐकवली: एक जण कोणाशी बोलत नाही, एक स्वतःशीच बडबडतो, एकाला फेफरे येते. असे कोणी तुमच्या गावात आहे का? तुम्ही त्याला काय म्हणता? त्याचे लग्न होईल का? मदतीसाठी कोठे न्याल? पुस्तकातली नावे गावावर लादण्याआधी गावाची भाषा समजून घेण्याचा हा प्रयत्न होता.

१९/ मग मोजक्या आजारांची यादी ठरली, मोजकी औषधे केंद्रात ठेवली गेली आणि आरोग्यसेवकांना प्रशिक्षण मिळाले. १९८० साली चार देशांतील पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आरोग्य केंद्रांत आलेल्या १६२४ रुग्णांपैकी २२५ जणांना, म्हणजे सुमारे १४ टक्क्यांना, मानसिक आजार होता. त्यांतले बहुतेक जण मनाची तक्रार घेऊन आलेच नव्हते. डोकेदुखी, पोटदुखी, खोकला, अशक्तपणा ही त्यांची तक्रार.

२०/ आपल्या गावांतही हेच ऐकू येते. ‘डोकं जड झालंय’, ‘अंगात त्राण नाही’, ‘छातीत धडधडतं’. मन शरीराच्या भाषेत बोलते, कारण त्या भाषेला लाज चिकटलेली नसते. त्या पाहणीत आरोग्यसेवकांना असे एकतृतीयांश रुग्णच ओळखता आले. उरलेले दोन-तृतीयांश रुग्ण ताकदीची गोळी घेऊन घरी गेले. थोडक्यात, रुग्ण केंद्राच्या दारापर्यंत येतच होता. त्याला ओळखणारा डोळा तयार करणे बाकी होते.

२१/ त्याच काळात बंगळूरच्या संस्थेने (१९७४ पासून ‘निम्हान्स’) शहराबाहेरच्या सकलवारा येथे ग्रामीण केंद्र चालवून आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी प्रशिक्षण घडवले. १९७८ साली अल्मा आटा येथे ‘सर्वांसाठी प्राथमिक आरोग्य’ ही घोषणा झाली आणि या प्रयोगांना राजकीय वारे मिळाले. ऑगस्ट १९८२मध्ये केंद्रीय आरोग्य परिषदेने राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम स्वीकारला. किमान मानसोपचार सर्वांना, आणि आधी सर्वांत वंचितांना मिळावेत, हा त्याचा हेतू. विकसनशील देशांत असा कार्यक्रम करणाऱ्यांत भारत अग्रणी होता.

२२/ कागद उत्तम होता, पण भरीव निधी नव्हता. म्हणून एका पूर्ण जिल्ह्यात हे चालते का, हे पाहण्यासाठी १९८० च्या दशकाच्या मध्यावर कर्नाटकातील बेल्लारी जिल्हा निवडला गेला. प्राथमिक केंद्रांतील डॉक्टर व सेवक प्रशिक्षित झाले, औषधे गावाजवळ मिळू लागली, नोंदी ठेवल्या गेल्या, जिल्हा पातळीवर देखरेख करणारी फळी उभी राहिली. चंदीगड व बंगळूरच्या प्रयोगांची ही पहिली मोठी परीक्षा होती, आणि ती बऱ्यापैकी यशस्वी झाली.

२३/ १९९६ साली बेल्लारीच्या धर्तीवर जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम चार जिल्ह्यांत सुरू झाला. २००२ पर्यंत तो २७ जिल्ह्यांत गेला आणि आज सातशेहून अधिक जिल्ह्यांसाठी मंजूर आहे. मात्र विस्तारताना त्याचे स्वरूप अनेक ठिकाणी आकुंचित झाले. गावात फिरणारा, घरच्यांशी बोलणारा सेवक मागे पडला आणि जिल्हा रुग्णालयातला बाह्यरुग्ण विभाग व गोळ्यांची खिडकी तेवढी शिल्लक राहिली. अमृतसरच्या तंबूत जे घडत होते ते मोजता येत नव्हते. गोळ्या मोजता येतात.

२४/ या त्रुटीची भयानक किंमत ६ ऑगस्ट २००१ रोजी दिसली. तमिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या एका खाजगी निवाऱ्याला आग लागली. आतले रुग्ण साखळ्यांनी बांधलेले होते. २८ जण गेले. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. राष्ट्रीय कार्यक्रमाला तेव्हा एकोणीस वर्षे होत आली होती. एरवाडीला येणारी कुटुंबे क्रूर नव्हती. त्यांच्या गावाजवळ दुसरे कोणतेही दार उघडे नव्हते.

२५/ येथपर्यंतच्या साऱ्या योजना प्रामुख्याने तीव्र आजारांसाठी होत्या. तरुणांचे मूक दुःख त्यांच्या नजरेबाहेरच होते. २०१२ साली ‘लॅन्सेट’मध्ये भारतातील आत्महत्यांचा मोठा अभ्यास आला. २०१० साली पंधरा वर्षांवरील सुमारे एक लाख सत्त्याऐंशी हजार माणसे आत्महत्येने गेली, असा त्याचा अंदाज. त्यांतील पुरुषांपैकी ४० टक्के आणि स्त्रियांपैकी ५६ टक्के १५ ते २९ या वयातले होते. शहरांपेक्षा खेड्यांत हे प्रमाण अधिक होते.

२६/ हा आकडा वाचून पुढे जाऊ नये, थोडे थांबावे. या वयाच्या मुलामुलींसाठी व्यवस्थेत कोणती जागा होती? २०१४ साली राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आला, त्यात मानसिक आरोग्याचा समावेश झाला आणि गावातल्याच मुलामुलींना साथी म्हणून तयार करण्याची कल्पनाही होती. पण त्याची वयोमर्यादा १० ते १९. विसाव्या वाढदिवसाला किशोर ‘प्रौढ’ होतो. मुलगी निदान गरोदरपणात पुन्हा आरोग्यसेविकेच्या वहीत येते. बारावीनंतर शेतावर परतलेला, भरतीच्या परीक्षांत वारंवार नापास होणारा तेवीस वर्षांचा मुलगा कोणत्याच वहीत नसतो.

२७/ म्हणून गोव्यातला एक छोटा प्रयोग मला महत्त्वाचा वाटतो. १९९६ साली गोव्यात ‘संगाथ’ ही संस्था स्थापन झाली. तिने ‘युवा मित्र’ नावाने १६ ते २४ वयोगटासाठी एका ग्रामीण व एका शहरी वस्तीत काम केले. तरुणांमधलेच काही जण साथी-शिक्षक झाले, शिक्षकांना प्रशिक्षण मिळाले, माहितीपत्रके वाटली गेली. २०११ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: ज्या वस्त्यांत हे काम झाले नव्हते त्यांच्या तुलनेत येथील तरुणांत नैराश्याची लक्षणे कमी आढळली, आणि हिंसक वर्तनही.

२८/ त्याच संस्थेच्या पुढाकाराने गोव्याच्या प्राथमिक केंद्रांत आणखी एक गोष्ट तपासली गेली. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण व देखरेख मिळालेल्या स्थानिक व्यक्ती नैराश्याच्या रुग्णांचे समुपदेशन करू शकतात का? २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सरकारी केंद्रांतील रुग्णांना याचा स्पष्ट लाभ दिसला. विद्यासागरांनी आईच्या हाती दिलेले काम आता शेजारणीच्या हाती आले होते, आणि या वेळी त्याला आकड्यांचा आधार होता.

२९/ यानंतर हा प्रवाह विदर्भात आला. शेतीसंकटाने होरपळलेल्या अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ हा कार्यक्रम झाला. गावातल्याच आरोग्य कार्यकर्त्या, त्यांच्या वरती समुपदेशक आणि गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञ, अशी उतरंड. चर्चा मनाच्या आजारापुरती नव्हती. कर्ज, दारू, घरातले ताण, सरकारी योजना हे सारे तिच्यात येई. सुरुवातीला नैराश्य असलेल्यांपैकी ४.३ टक्के लोकच मदत घेत होते. दीड वर्षाने ते प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेले. मनात आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचे प्रमाणही निम्म्यावर आले.

३०/ नाशिक जिल्ह्यातील पेठ या आदिवासी तालुक्यात ‘आत्मीयता’ हा आणखी एक प्रकल्प उभा राहिला. गावातल्या ज्या माणसांकडे लोक आपसूक सल्ल्याला जातात, त्यांनाच निवडून ऐकून घेण्याचे शिक्षण दिले गेले. मोबाइलवरच्या छोट्या चित्रफिती दाखवून बोलणे सुरू व्हायचे. ओसरीवर बसून चहा पिताना जे बोलणे होते, त्यालाच थोडी दिशा द्यायची, इतके हे साधे होते. भगतापाशी जी जवळीक होती ती येथे होती, साखळदंड नव्हता.

३१/ कायद्यानेही वळण घेतले. २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा मे २०१८ मध्ये लागू झाला. १८५८चा कायदा रुग्णाला आत टाकण्यासाठी होता. या कायद्याने उपचार मिळणे हा नागरिकाचा हक्क ठरवला आणि साखळीने बांधण्यास मनाई केली. किमान सेवा स्वतःच्या जिल्ह्यात न मिळाल्यास अन्यत्र घेतलेल्या उपचारांचा खर्च शासनाने उचलावा, असेही तो सांगतो. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे मानावे, तिला शिक्षा करू नये, शासनाने तिची काळजी घ्यावी, ही भूमिका त्यातलीच.

३२/ तरी अंतर उरलेच आहे. २०१५-१६च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात निरनिराळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के लोक उपचारांविना असल्याचे दिसले. ते बारा राज्यांत झाले. महाराष्ट्र त्यांत नव्हता. १० ऑक्टोबर २०२२ रोजी ‘टेलि-मानस’ ही राष्ट्रीय दूरध्वनी सेवा सुरू झाली. दंडाधिकाऱ्याच्या हुकमापासून फोनच्या एका क्रमांकापर्यंतचा हा प्रवास मोठाच आहे. पण भरलेल्या घरात, सर्वांसमोर, एकुलत्या एका मोबाइलवर विशीतली मुलगी मनातले बोलेल का, हा प्रश्न फोन सोडवू शकत नाही.

३३/ आता सुरुवातीला म्हटलेली ती गोष्ट. या पावणेदोनशे वर्षांत औषधे बदलली, कायदे बदलले, पाट्या बदलल्या. पण खेड्यातल्या तरुणापर्यंत उपचार तेव्हाच पोहोचले, जेव्हा त्याच्या ओळखीच्या, त्याच्या भाषेत बोलणाऱ्या माणसावर व्यवस्थेने विश्वास टाकला: अमृतसरची आई, रायपूर राणीचा आरोग्यसेवक, अमरावतीची कार्यकर्ती, गोव्यातला युवा मित्र. आणि जेव्हा जेव्हा योजना मोठी झाली, तेव्हा खर्चाच्या पत्रकातून सर्वांत आधी हाच माणूस गळला.

३४/ तज्ज्ञ नकोत, असा याचा अर्थ नाही. विद्यासागर, विग आणि लाम्बो हे सारे तज्ज्ञच होते. आपले ज्ञान भिंतीबाहेर नेऊन इतरांच्या हाती देण्याचे धैर्य त्यांच्यापाशी होते, हे त्यांचे मोठेपण. त्या कार्यकर्तीला मानधन वेळेवर मिळते का, तिला शिकवायला कोणी येते का, ती थकली तर तिचे कोण ऐकते, यावर पुढच्या पिढीचा इतिहास ठरेल.

३५/ हा थ्रेड वाचणाऱ्यांपैकी कोणी गावी असेल, कोणी गावाहून शहरात शिकायला आलेले असेल. गावी परतलेला, हल्ली फोन न उचलणारा एखादा मित्र आठवत असेल, तर आज त्याला पुन्हा एकदा फोन करा. आणि मन स्वतःचेच जड झाले असेल, तर १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक विनाशुल्क आहे आणि चोवीस तास चालतो. मंटोंचा नायक दोन देशांच्या मधल्या जमिनीवर एकटा पडला. आपल्या ओळखीच्या कोणावर ती वेळ येऊ नये, एवढे तरी आपल्या हातात आहे.